आधीचं पाणी

एखाद्या दिवशी पोस्टमन सही मागतो आणि हातात सर्टिफाइड मेलचं पाकीट देतो. आत दोन-चार पानं आणि एक नकाशा असतो. तुमच्या भागात गॅसची विहीर खोदण्यासाठी एका कंपनीने राज्याकडे परवानगी मागितली आहे, असा मजकूर असतो. सोबत किंवा काही आठवड्यांनी दुसरं पत्र येतं : खोदाईआधी तुमच्या पाण्याचा नमुना आमच्या खर्चाने तपासून देऊ, वेळ कळवा. पेनसिल्व्हेनियात शेल गॅसच्या विहिरीपासून ३,००० फुटांच्या आत ज्यांचा पाण्याचा स्रोत आहे, अशा घरमालकांना पहिलं पत्र पाठवणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच घरांत मात्र ही दोन्ही पत्रं विम्याच्या जाहिरातींबरोबर ड्रॉवरमध्ये जाऊन पडतात.

ती तिथे जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पिट्सबर्गच्या दक्षिणेला वॉशिंग्टन काउंटी आणि उत्तरेला बटलर काउंटी. शहरात नोकरी आणि बाहेर एक-दोन एकरांत घर, असा बेत करणारी आपली मराठी कुटुंबं अशाच पट्ट्यांत घर शोधतात. वॉशिंग्टन काउंटीतच २००४ साली मार्सेलस शेल या खोलवरच्या, गॅस असलेल्या खडकातली आधुनिक पद्धतीची पहिली गॅसविहीर पूर्ण झाली. आपण बहुतेक जण नगरपालिकेच्या नळावर किंवा सोसायटीच्या टाकीवर वाढलेले. घराच्या मागच्या अंगणात गवतातून फूटभर वर आलेला लोखंडी पाइप आणि त्यावरचं झाकण म्हणजेच आपला सगळा पाणीपुरवठा, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो पुरवठा कुणी तपासत नाही, हे तर त्याहून उशिरा कळतं. पेनसिल्व्हेनियात तीस लाखांहून जास्त लोक खासगी बोअरचं पाणी पितात. पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा सार्वजनिक पुरवठ्यासाठी आहे, खासगी बोअर त्यात येत नाही. बोअर कशी बांधावी याचा राज्यभर लागू असणारा नियम इथे नाही आणि पाणी तपासण्याची सक्तीही नाही. भरीस भर म्हणजे २००५ च्या ऊर्जा कायद्याने, डिझेल वापरलेलं नसेल तर, फ्रॅकिंगला, म्हणजे दाबाने द्रव सोडून खडकात भेगा पाडण्याला, जमिनीत द्रव सोडण्याविषयीच्या केंद्रीय नियमांतून वगळलं.

पाण्याच्या आणि गॅसच्या विहिरीला इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे बोलताना नेहमी घोळ होतो. म्हणून या लेखात पाण्याची ती ‘बोअर’ आणि गॅसची ती ‘गॅसविहीर’.

या भागात घरगुती बोअर साधारण शंभर ते तीनशे फूट खोल असते. मार्सेलस शेल पाच ते आठ हजार फुटांवर. कंपनीचा माणूस दारात येतो तेव्हा हेच सांगतो : तुमचं पाणी आणि आमचा गॅस यांच्यामध्ये मैलभर खडक आहे, खालची भेग वर पोचणार कशी? तो खोटं बोलत नसतो. एवढ्या खोलीवर पाडलेल्या भेगा सरळ उथळ भूजलापर्यंत पोचण्याची शक्यता फार कमी आहे, आणि पेनसिल्व्हेनियातली बिघडलेली पाणी-प्रकरणं तशा वाटेने घडलेली नाहीत. पण गॅसविहीर त्या मैलभर खडकात शिरण्याआधी तुमच्या पाण्याच्या थराला भोक पाडते. काळजी करायची ती याच वरच्या काही शे फुटांची.

त्या भोकात पोलादी पाइप सोडतात, त्याला केसिंग म्हणतात. केसिंग आणि खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरतात. पेनसिल्व्हेनियाच्या नियमाप्रमाणे वरचं केसिंग गोड्या पाण्याच्या सर्वांत खालच्या थराच्या आणखी सुमारे ५० फूट खाली न्यावं लागतं. आत असे एकात एक पाइप असतात. सिमेंट नीट बसलं तर पाणी आणि गॅस एकमेकांना भेटत नाहीत. पण सिमेंट काही वेळा सगळीकडे सारखं पसरत नाही, त्यात पोकळी राहते, घट्ट होताना ते आक्रसतं किंवा भरतानाच मधल्या एखाद्या थरातला गॅस त्यातून वाट काढतो. हा मधल्या थराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मार्सेलसपर्यंत पोचण्याआधीही कमी खोलीवर गॅस असलेले खडक लागतात. त्यांतला गॅस एरवी तिथेच अडकून राहिला असता. केसिंगच्या बाहेरच्या फटीने त्याला जिना मिळतो.

ओहायोतल्या बेनब्रिज टाउनशिपमध्ये १५ डिसेंबर २००७ ला एका घराच्या बेसमेंटमध्ये स्फोट झाला. आत दोन माणसं होती, ती वाचली. राज्याच्या चौकशीत जवळच्या एका नव्या गॅसविहिरीचं सिमेंट अपुरं असल्याचं निघालं. तो दोष दुरुस्त न करता तिचं फ्रॅकिंग केलं गेलं आणि नंतर केसिंगभोवतीची फट वरून बंद ठेवल्यामुळे आत दाब साठत गेला. गॅसने बोअरची वाट धरली आणि बोअरमधून तो घरात आला. २०१४ साली थॉमस डॅरा आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सासमधल्या १३३ बोअरच्या पाण्यातले हेलियम, निऑनसारखे वायू मोजून गॅसची वाट शोधली. त्यांनाही दोष सापडला तो सिमेंट आणि केसिंगमध्ये. आडव्या खोदाईत किंवा खालच्या भेगांत तो नव्हता. त्याच वर्षी अँथनी इंग्रॅफिया यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातल्या २००० ते २०१२ या काळातल्या ४१,३८१ विहिरींच्या तपासणी नोंदी चाळल्या. त्यांत १.९ टक्के विहिरींचं बांधकाम दुबळं झाल्याचं दिसलं. शंभरातल्या दोन म्हणजे कमी वाटतात. ज्याच्या अंगणाशेजारी त्या दोनांतली एक आहे, त्याला या टक्केवारीचा काही उपयोग नाही.

आता डिमॉकबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण या लेखातला मुख्य सल्ला तिथूनच आला आहे. ईशान्य पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना काउंटीतलं हे छोटं गाव. १ जानेवारी २००९ ला तिथल्या एका घराच्या बोअरवरचा काँक्रीटचा स्लॅब स्फोटाने उडाला. त्यानंतर राज्याच्या पर्यावरण खात्याने डझनाहून अधिक घरांच्या पाण्यातल्या मिथेनला कॅबट कंपनीच्या गॅसविहिरी जबाबदार असल्याचं ठरवलं आणि गावाच्या एका भागात नवी खोदाई थांबवली. कंपनीचं म्हणणं असं की या काउंटीत पाण्यात मिथेन पूर्वीपासून आहेच. आणि तेही खोटं नव्हतं. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत गॅसच्या खोदाईच्या कितीतरी आधीपासून बोअरमध्ये मिथेन सापडत आलेला आहे.

मग शास्त्रज्ञ उतरले. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने ६० बोअरमधला मिथेन मोजून सांगितलं, की ज्या घरांपासून एक किलोमीटरच्या आत गॅसविहीर आहे तिथे लिटरमागे सरासरी १९.२ मिलिग्रॅम मिथेन सापडतो आणि जिथे नाही तिथे १.१. खालचं खारं पाणी किंवा फ्रॅकिंगची रसायनं मात्र त्यांना सापडली नाहीत. लगोलग दुसऱ्या गटाने सस्क्वेहाना काउंटीतल्या १,७०१ बोअरची आकडेवारी मांडली. मिथेनचा संबंध गॅसविहिरीच्या अंतराशी नसून जमिनीच्या चढउताराशी आहे, दरीत जास्त, टेकडीवर कमी, असा त्यांचा निष्कर्ष. त्या लेखाच्या लेखकांत खुद्द कॅबटकडचे भूवैज्ञानिकही होते. ड्यूकच्या गटाने २०१३ मध्ये १४१ बोअर घेऊन पुन्हा मोजणी केली आणि आपलं म्हणणं कायम ठेवलं.

हा वाद वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत राहिली. त्या पहिल्या अभ्यासातल्या घरांपैकी कुणाकडे खोदाईआधीचा, विश्वास ठेवावा असा अहवाल असता, तर त्या घरापुरता तरी वाद उरलाच नसता. आधी किती, नंतर किती, वजाबाकी करा. अहवाल नव्हता, म्हणून गॅसविहीर जवळ नसलेल्या घरांशी तुलना करावी लागली, आणि तुलनेवर शंका घेता येते. डिमॉकच्या पाण्यावरून कंपनीवर झालेला फौजदारी खटला २०२२ च्या नोव्हेंबरात मिटला. कॅबटच्या जागी आलेल्या कोटेरा कंपनीने आरोपाला आव्हान दिलं नाही आणि गावाला सार्वजनिक पाण्याची लाइन देण्यासाठी सुमारे १ कोटी ६३ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. स्फोटाला तोवर जवळजवळ चौदा वर्षं झाली होती.

म्हणून सल्ला हाच : रिग येण्याआधी तुमच्या पाण्याचा पक्का, दुसऱ्याला मान्य करावा लागेल असा अहवाल हातात हवा. बाकी सगळं त्यानंतर.

पेनसिल्व्हेनियाचा २०१२ चा कायदा इथे तुमच्या बाजूने उभा राहतो, पण अटींवर. शेल गॅसविहिरीच्या उभ्या भागापासून तुमची बोअर २,५०० फुटांच्या आत असेल आणि खोदाई किंवा फ्रॅकिंग संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचाच असं कायदा धरून चालतो. तसं नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर. कंपनीचा सर्वांत सोपा बचाव म्हणजे हे पाणी आधीपासूनच खराब होतं असं खोदाईआधीच्या अहवालावरून दाखवणं. दुसरा बचाव असा, की आम्ही नमुना घ्यायला आलो होतो, घरमालकाने येऊ दिलं नाही. ‘परक्या माणसांना बेसमेंटमध्ये कशाला येऊ द्यायचं’ म्हणून तुम्ही नकार दिलात, की कायद्याने दिलेला हा आधार तुम्ही स्वतःच्या हाताने सोडून देता. कंपनीचं काही आवडत नसलं, शेजाऱ्याने गॅसच्या लीजवर सही केली म्हणून राग असला, तरी नमुन्याला नकार देऊ नका.

कंपनीला नमुना घेऊ द्या आणि स्वतःचाही वेगळा करून घ्या. कंपनीने नेमलेली लॅब बहुधा चांगली, राज्याची मान्यता असलेलीच असते. लॅब खोटा आकडा देईल अशी माझी शंका नाही. पण नमुना कुठल्या दिवशी, कुठल्या नळाचा, किती वेळ पाणी सोडून घेतला, यांवर आकडा बदलतो, आणि त्या निवडी तेव्हा त्यांच्या असतात. कंपनीने घेतलेल्या तपासणीचा अहवाल तुम्हाला मिळणं हा तुमचा हक्क आहे. आला नाही तर लेखी मागा.

स्वतःच्या तपासणीत एक चूक फार होते. लोक लॅबमधून बाटली आणतात, स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरतात आणि नेऊन देतात. आपल्या माहितीसाठी ते पुरेसं आहे. वाद झाला तर तो कागद टिकत नाही, कारण बाटलीत तुम्ही काय भरलं हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. म्हणून राज्याची मान्यता असलेली लॅब निवडा आणि नमुना घ्यायला तिचा किंवा तिने सांगितलेला तिऱ्हाईत माणूस बोलवा. तो बाटल्यांवर सील लावतो आणि बाटली कुणाकडून कुणाकडे, किती वाजता गेली याचा कागद भरतो. त्या कागदाची प्रत मागून घ्या. खर्च यादी किती लांब त्याप्रमाणे काही शे डॉलरपासून हजाराच्या पुढे जातो. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून माणूस बोलावला तर थोडा कमी पडतो, आणि पुढे एकाच दिवशीचे चार अहवाल एकत्र उभे राहतात, हा फायदा वेगळाच.

नमुना फिल्टर किंवा सॉफ्टनरच्या आधी घ्यायचा, म्हणजे बेसमेंटमधल्या प्रेशर टँकजवळच्या नळाचा. सॉफ्टनरमधून गेलेल्या पाण्यातला बेरियम, कॅल्शियम निघून गेलेला असतो आणि सोडियम वाढलेला असतो. तो अहवाल बोअरचा नसून सॉफ्टनरचा. पाइपात साठलेलं पाणी निघून जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं नळ सोडून ठेवायचा. मिथेनची आणि बेंझिनची बाटली तोंडापर्यंत, एकही बुडबुडा न राहता भरावी लागते. अर्धी भरली तर गॅस वरच्या हवेत जातो आणि आकडा खाली येतो. नमुना घेणारा हे नीट करतो की नाही, उभं राहून बघा. तुमचे पैसे आहेत.

काय तपासायचं? लॅबची यादी पाहून घाबरायला होतं, कारण शंभर रसायनांची नावंही मिळू शकतात. फ्रॅकिंगमधल्या प्रत्येक रसायनामागे धावण्यात अर्थ नाही. खालून गॅस आला तर सोबत काय येतं आणि जमिनीवर सांडलं तर काय सांडतं, एवढं धरून चाला. मार्सेलसमधून गॅसबरोबर वर येणारं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं असतं. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. इथे तो आकडा दोन लाखांच्या वर जातो. त्यात क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड भरपूर. एवढं खारं पाणी चमचाभर मिसळलं तरी गोड्या पाण्यात उठून दिसतं. म्हणून एकूण विरघळलेले क्षार, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड, सोडियम, लोह, मँगॅनीज आणि पीएच ही पहिली फळी. मिथेन आणि इथेन ही दुसरी. बेंझिन आणि त्याच्या जातीची रसायनं तिसरी. आर्सेनिक, शिसं आणि कोलिफॉर्म जिवाणू गॅसशी संबंध नसला तरी याच खेपेला तपासून घ्या.

ब्रोमाइड आणि बेरियम कुणी सहसा मागत नाही, पण मागाच. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ वितळून बोअरमध्ये उतरतं, तेव्हाही क्लोराइड आणि सोडियम वाढतं. सेप्टिक टँक झिरपली तरी वाढतं. रस्त्याच्या मिठात ब्रोमाइड आणि बेरियम जवळजवळ नसतात, खोल खडकातल्या पाण्यात असतात. उद्या क्लोराइड वाढलं आणि कंपनी म्हणाली की हे रस्त्याचं मीठ आहे, तर हे दोन आकडेच खरं-खोटं सांगतील. मिथेनचंही तसंच. दलदलीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात जिवाणूंनी केलेल्या मिथेनबरोबर इथेन जवळजवळ नसतो. खोल खडकातल्या गॅसबरोबर असतो. मिथेन बऱ्यापैकी निघाला तर त्यातल्या कार्बन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी करून ठेवा. महाग आहे, पण तो गॅसचा अंगठ्याचा ठसा आहे.

अहवाल आला की आधीच काही बिघडलेलं दिसण्याची शक्यता मोठी आहे. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी गॅसविहिरींजवळच्या २३३ बोअर तपासल्या. त्यांतल्या सुमारे चाळीस टक्के बोअर खोदाई सुरू होण्याआधीच पिण्याच्या पाण्याच्या किमान एका निकषावर नापास होत्या. बहुतेक ठिकाणी कारण कोलिफॉर्म, गढूळपणा किंवा मँगॅनीज. त्याच अभ्यासात खोदाईनंतर प्रदूषण सरसकट वाढल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. शेजारच्या गॅसविहिरीवर डोळा ठेवताना आपल्या बोअरचं सैल झाकण, कडेने आत झिरपणारं पावसाचं पाणी आणि जवळची सेप्टिक टँक यांकडे दुर्लक्ष होतं, आणि मुलांचं पोट बहुधा त्यांच्यामुळे बिघडतं.

आकडे वाचताना जवळ ठेवायच्या मर्यादा या : विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, क्लोराइड २५०, बेरियम २, आर्सेनिक ०.०१०, बेंझिन ०.००५, लोह ०.३, मँगॅनीज ०.०५. मिथेनला पिण्याच्या पाण्याची मर्यादा नाही. तो वास, रंग, चव नसलेला वायू आहे आणि पाण्यातून पोटात गेल्याने अपाय होतो असं मानलं जात नाही. धोका आहे तो स्फोटाचा आणि कोंडलेल्या जागेत श्वास गुदमरण्याचा. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. पेनसिल्व्हेनियात ७ मिलिग्रॅमच्या वर मिथेन निघाला की खातं लक्ष घालतं. १० च्या वर गेला तर बोअरवर हवा जाण्याची जाळी असलेलं झाकण बसवून घ्या आणि गॅस उघड्यावर जाईल असा पाइप काढा. २८ च्या आसपास साध्या दाबाच्या पाण्यात मिथेन मावेनासा होतो आणि बुडबुडे बाहेर येऊ लागतात. त्यावर आकडा गेला तर त्याच दिवशी हालचाल करा. बेसमेंटमध्ये आणि पंपाच्या खोलीत ज्वलनशील वायूचा अलार्म बसवा, आणि तो छताजवळ, कारण मिथेन हवेपेक्षा हलका आहे. नळाला काडी लावून बघणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले आहेत. ती तपासणी नाही. तसं करू नका, मुलांना तर दाखवूही नका.

मिथेन ऋतूप्रमाणे, पाण्याच्या पातळीप्रमाणे, हवेच्या दाबाप्रमाणेही खालीवर होतो. म्हणून जमलं तर खोदाईआधी दोन वेळा नमुना घ्या, एकदा वसंतात पाणी चढलेलं असताना आणि एकदा उन्हाळा संपताना. त्याच वेळी बोअरची खोली, पाण्याची पातळी आणि मिनिटाला किती गॅलन पाणी मिळतं हे लिहून ठेवा. कारण तक्रार नेहमीच घाणीची नसते, कधी बोअर आटते.

खोदाई सुरू झाली की नळाकडे लक्ष असू द्या. पाणी अचानक गढूळ होणं, नळ फुरफुरणं, ग्लासातलं पाणी दुधासारखं दिसून हळूहळू निवळणं, लोहाचे तांबडे डाग वाढणं, खारट चव किंवा डिझेलसारखा वास येणं. ग्लासातलं पांढरेपण साध्या हवेनेही येतं, म्हणून घाबरू नका, पण तारीख आणि वेळ लिहा आणि फोटो काढा. पॅडवर, म्हणजे खोदाईच्या जागेवर, त्या दिवशी काय चाललं होतं हेही लिहा. स्वस्तात मिळणारं विद्युतवाहकता मोजायचं छोटं यंत्र घेऊन आठवड्याला एकदा पाणी मोजा. त्याचा आकडा न्यायालयात चालणार नाही, पण क्षार एकदम चढले तर लॅबला कधी बोलवायचं ते कळेल. गॅसविहीर पूर्ण झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत एकदा आणि बारा महिने संपण्याआधी एकदा, त्याच लॅबकडून, त्याच नळाचा, तीच यादी पुन्हा तपासून घ्या. बारा महिन्यांची ती तारीख कॅलेंडरवर टाका.

काही बिघडलंच तर राज्याच्या पर्यावरण खात्याकडे तक्रार करा आणि कंपनीलाही लेखी कळवा. कंपनीने देऊ केलेल्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. पाणी आणून देतो, फिल्टर बसवतो, तुम्ही याबद्दल कुठे बोलायचं नाही, अशा अटी त्यात असू शकतात. कायद्याप्रमाणे खात्याने दहा दिवसांत चौकशी सुरू करायची आणि पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. २०१४ मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी या खात्याच्या तक्रार हाताळणीवर कडक ताशेरे ओढले होते. त्याच वर्षी खात्याने २००८ पासून खासगी पाणी बिघडल्याची २४३ प्रकरणं मान्य करणारी यादी जाहीर केली. दोष ठरला तर कंपनीला पाणीपुरवठा पूर्ववत करून किंवा बदलून द्यावा लागतो, आणि ते पाणी पिण्याच्या निकषांत बसणारं असावं लागतं.

दरम्यान घरात काय? कोळशाचा फिल्टर किंवा सॉफ्टनर मिथेन काढत नाही. पाण्याला हवा देऊन गॅस बाहेर सोडणारी टाकी लागते. क्षार आणि बेरियमसाठी रिव्हर्स ऑस्मोसिस, तोही पिण्याच्या नळापुरता. बेंझिन निघालं तर ते पाणी पिऊ नका, आणि गरम शॉवरही घेऊ नका; वाफेबरोबर ते श्वासात जातं.

आतापर्यंत सिमेंटची वाट पाहिली. जमिनीवरून येणारी वाटही तितकीच खरी आहे. उथळ भूजल वरूनच भरतं, त्यामुळे वर सांडलेलं काहीही त्याला लवकर गाठतं. वायोमिंगमधल्या पॅव्हिलियन गावात गॅसविहिरींचा चिखल आणि पाणी टाकण्यासाठी किमान ३३ उघडे खड्डे वापरले गेले. तिथला गॅसही उथळ. २४० मीटर खोलीपर्यंत घरगुती बोअर आणि काही शे मीटरवरच फ्रॅकिंग. म्हणजे तिथे ‘मधला मैलभर खडक’ नव्हताच. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचा २०१६ चा मोठा अहवालही फ्रॅकिंगमुळे पिण्याचं पाणी काही परिस्थितींत बिघडतं असं सांगताना गळती, सांडणं, अस्तर नसलेले खड्डे आणि कच्चं सिमेंट यांकडेच बोट दाखवतो. म्हणून पॅड तुमच्या घराच्या चढाला आहे की उताराला, टँकरचा रस्ता बोअरपासून किती दूर, हे नकाशा हातात घेऊन बघा.

आणि जुन्या विहिरी. जगातली पहिली मानली जाणारी व्यापारी तेलविहीर पेनसिल्व्हेनियातच टायटसव्हिलला २७ ऑगस्ट १८५९ रोजी लागली, अवघ्या साडेएकोणसत्तर फुटांवर. पुढच्या शंभर वर्षांत या राज्यात विहिरींची चाळण झाली, आणि त्यांतल्या कितीतरी नोंदीशिवाय तशाच टाकून दिल्या. कुठे तोंडात लाकडाचा ओंडका ठोकलेला, कुठे भंगारासाठी केसिंगच उपटून नेलेलं. नव्या गॅसविहिरीतला दाब जवळच्या अशा बेवारस भोकातून वर येऊ शकतो. आपल्या जमिनीवर कुठे जुना पाइप डोकावतो का, गवतात कायमचा करपलेला गोल आहे का, ते फिरून बघा आणि सापडलं तर खात्याला कळवा. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात बेवारस विहिरी बुजवायला ४७० कोटी डॉलर ठेवले आहेत. सांगितल्याशिवाय तुमच्या अंगणातली त्या यादीत येणार नाही.

इतर राज्यांत नियम वेगळे. कोलोरॅडोत २०१३ पासून विहिरीच्या आधी आणि नंतर जवळच्या बोअर तपासणं कंपनीवर बंधनकारक आहे. न्यूयॉर्क आणि मेरीलँडमध्ये फ्रॅकिंगला बंदी आहे. टेक्सासमध्ये तेल आणि गॅसचं खातं रेल्वे कमिशन या नावाने चालतं, तक्रार तिथेच करायची; नाव ऐकून लोक दुसरीकडे जातात.

शेवटी, घर अजून घ्यायचंच असेल त्यांच्यासाठी. या देशात जमीन एकाची आणि तिच्याखालच्या गॅसचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. टायटल तपासताना खनिजहक्क कुणाकडे आहेत आणि आधीचं लीज चालू आहे का, हे वकिलाला स्पष्ट विचारा. आपोआप कुणी सांगत नाही. राज्याच्या संकेतस्थळावरच्या नकाशात परवानगी मिळालेल्या गॅसविहिरी दिसतात. घराभोवती अर्धा मैल बघा. विक्रेत्याकडे बोअर खोदणाऱ्याचा लॉग आणि पाण्याचे सगळे जुने अहवाल मागा, आणि ते मूळ कागदांसकट तुमच्या ताब्यात येतील असं करारात लिहून घ्या. अहवाल नसतील तर इन्स्पेक्शनची मुदत ठरवतानाच पाण्यासाठी तीन आठवडे मागून घ्या, कारण मिथेन आणि बेंझिनचे आकडे हातात यायला निदान दोन लागतात.